तोल कोणी बिघडविला?

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा समारंभ झाला. विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातला सर्वोच्च मान समजला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक त्या दिवशी चंदीगड विद्यापीठाच्या हाती पडला. (नावावर जाऊ नये; ही खाजगी संस्था असून तिचे आवार चंदीगडात नव्हे, मोहाली जिल्ह्यात आहे.) दुसरा क्रमांक फगवाड्याच्या लव्हली प्रोफेशनल विद्यापीठाचा, तेही खाजगी. तिसऱ्या क्रमांकावर अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ होते, आणि तिघांत सरकारी असे ते एकटेच. हा करंडक पूर्वी वर्षानुवर्षे प्रामुख्याने पंजाबमधल्या सरकारी विद्यापीठांतच फिरत असे. २०२० साली भुवनेश्वरला ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा प्रथम भरल्या, तेव्हा पहिला क्रमांक पंजाब विद्यापीठाचा आणि दुसरा पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा होता, दोन्ही सार्वजनिक. दोनच वर्षांनी बंगळुरात बेंगळुरूचेच जैन विद्यापीठ पहिले आणि लव्हली दुसरे आले, पंजाब विद्यापीठ तिसऱ्या जागी गेले. ईशान्येकडच्या राज्यांत २०२४ मध्ये झालेल्या स्पर्धेत चंदीगड विद्यापीठाने बाजी मारली.

या फेरबदलामागे कोणताही चमत्कार नाही. खाजगी विद्यापीठे देशभरातून उत्तम खेळाडू हेरतात, त्यांचे शिक्षणशुल्क माफ करतात, वसतिगृह आणि खुराकाची व्यवस्था करतात आणि पदक मिळविल्यास रोख रक्कम देतात. टोकियोत नीरज चोप्राने भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा तो लव्हली विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि विद्यापीठाने त्याला ५० लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. ज्याच्याजवळ पैसा त्याच्याजवळ खेळाडू, ज्याच्याजवळ खेळाडू त्याच्याजवळ करंडक आणि ज्याच्याजवळ करंडक त्याच्याकडे पुढच्या जूनमध्ये प्रवेशासाठी रांग, असे हे चक्र आहे. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने तो जाहिरातीचा खर्च होय. बँकेचे कर्ज काढून त्या रांगेत उभा राहणारा वसई-विरारचा मुलगा स्वतःच्या शुल्कातून कोणाचे सुवर्णपदक विकत घेतो आहे, याची त्याला कल्पना नसते.

या घडामोडींवर दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. दोन्ही मते मांडणारे सज्जन आहेत, परंतु दोन्ही मते चुकीची आहेत.

पहिले मत शुद्धतावाद्यांचे. पैशाने विद्यार्थ्यांचा खेळ नासला, पूर्वी मुले महाविद्यालयाच्या नावासाठी खेळत, आता पाकिटासाठी खेळतात, म्हणून हौशी खेळाचे पावित्र्य पुन्हा प्रस्थापित झाले पाहिजे, असे ही मंडळी म्हणतात. त्यांत निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, वृत्तपत्रांचे स्तंभलेखक आहेत, आणि खेदाची गोष्ट अशी की समाजवादी चळवळीत आयुष्य घालविलेले काही ज्येष्ठ कार्यकर्तेही आहेत. पैशाविषयी वाटणारा संशय त्यांना भांडवलशाहीच्या विरोधाइतकाच पवित्र वाटतो. त्यांनी इतिहास थोडा उघडून पाहावा.

‘हौशी’ ही कल्पना जन्मली कोठे? इंग्लंडात ‘जेंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ असे दोन वर्ग क्रिकेटमध्ये होते. पहिल्यांना पैशाची गरज नव्हती, कारण त्यांच्या जमिनी आणि वाडे होते. दुसऱ्यांना मजुरी मिळे. दोघांत दरवर्षी सामना होई. मैदानात उतरण्याची दारे वेगळी असत आणि धावफलकावर नावे लिहिण्याची पद्धतही वेगळी असे. ही विभागणी रद्द व्हायला १९६२ साल उजाडले. ज्याला पोट भरण्यासाठी घाम गाळावा लागत नाही तो सभ्य आणि ज्याला लागतो तो भाडोत्री, ही त्या पावित्र्याची व्याख्या होती. आपल्याकडे तिच्यात जातीची भर पडली. पळवणकर बाळू पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखीत आणि साहेबांना गोलंदाजी टाकीत. पुढे ते हिंदूंच्या संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यातून मिळे, आणि कर्णधारपद अखेरपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. पळवणकर बाळूंना चार रुपयांऐवजी त्यांच्या चेंडूच्या योग्यतेचे मोल मिळाले असते तर क्रिकेट नासले असते काय?

महाविद्यालयीन खेळाडूचेच उदाहरण हवे असेल तर खाशाबा जाधवांचे घ्यावे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी. हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, म्हणून गावोगाव वर्गणी जमवावी लागली आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनी आणले. त्या काळाच्या शुद्धतेचे गोडवे गाणाऱ्यांनी प्राचार्यांच्या त्यागाला अवश्य वंदन करावे. परंतु ज्या व्यवस्थेत खेळाडूला आखाड्यात उतरविण्यासाठी शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, तिला आदर्श म्हणून मिरवू नये.

मुंबईचे वैभवही शुद्ध हौशीपणावर उभे नव्हते. गिरणगावाच्या चाळींतून कबड्डी वाढली ती गिरण्यांच्या आणि पुढे रेल्वे, गोदी, बँका यांच्या संघांच्या आधारे. टाइम्स ढाल स्पर्धेत टाटा, निर्लॉन, मफतलाल, स्टेट बँक असे संघ खेळत. खेळाडूला नोकरी देत, हजेरीपत्रकावर त्याचे नाव असे आणि दुपारनंतर तो मैदानावर असे. वेतन होतेच, फक्त त्याला वेतन म्हणण्याची लाज होती. तरीही त्या लपविलेल्या वेतनाने गिरणी कामगाराच्या मुलाला म्हातारपणची निवृत्तिवेतनाची शाश्वती दिली, जी आजच्या तीन वर्षांच्या झगमगीत करारात नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि उदारीकरणानंतर कंपन्यांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली. तेव्हा पावित्र्याचे हे रक्षक कोठे होते?

दुसरे मत बाजारवाद्यांचे. ते म्हणतात, पैसा येऊ द्या, बोली लागू द्या. गरिबाच्या मुलाला संधी मिळेल आणि स्पर्धा आपोआप तोल साधेल. या मताची परीक्षा घेण्यासाठी अमेरिकेइतकी उत्तम प्रयोगशाळा नाही. तेथे विद्यापीठांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल हा अब्जावधी डॉलरांचा धंदा आहे. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या संघटनेने मैदानावरच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही देण्यास दीर्घकाळ मज्जाव केला होता. त्याच विद्यापीठांतले प्रशिक्षक लक्षावधी डॉलर घेत. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल किंवा न्यायाधीश नसून फुटबॉलचा प्रशिक्षक असतो. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने या संघटनेच्या विरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूला स्वतःचे नाव आणि छबी विकण्याची मुभा मिळाली, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्यावरची बंधने सैल झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास २ कोटी ५ लाख डॉलर आहे, आणि मागील थकबाकीपोटी दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे आहेत.

मग तोल बिघडला की सुधारला? उत्तर दुहेरी आहे, आणि दोन्ही पंथांना अडचणीचे आहे. पैसे देणे निषिद्ध होते त्या काळातच फुटबॉलचे विजेतेपद मूठभरांच्या घरी नांदत होते; २०१५ ते २०२२ या आठ हंगामांपैकी सात विजेतेपदे अलाबामा, क्लेम्सन आणि जॉर्जिया या तीन विद्यापीठांनी वाटून घेतली. म्हणजे फुकट राबणाऱ्या खेळाडूंच्या युगात समतोल नव्हता. पैसे उघडपणे देऊ लागल्यावर मिशिगन जिंकले, ओहायो स्टेट जिंकले, आणि जानेवारी २०२६ मध्ये शतकभर पराभवांसाठीच ओळखले जाणारे इंडियाना विद्यापीठ विजेते ठरले. श्रीमंतांच्या पंक्तीत जागांची अदलाबदल सुरू झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही पंक्ती बसते कोणाच्या अंगणात? ओहायो स्टेटच्या विजेत्या संघावर त्या हंगामात सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे त्यांच्याच क्रीडासंचालकांनी सांगितले होते. तेवढी रक्कम उभी करू शकणारी विद्यापीठे मोजकी आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या बारा विद्यापीठांच्या जुन्या गटातून दहा विद्यापीठे दूरचित्रवाणीच्या पैशामागे बाहेर पडली आणि शतकाची परंपरा असलेला तो गट दोन विद्यापीठांपुरता उरला. लहान विद्यापीठाने कोवळा खेळाडू घडवावा आणि मोठ्याने तो पुढच्या वर्षी उचलावा, हा तेथील नित्यक्रम झाला आहे. तडजोडीतली थकबाकीही बहुतांश फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाते. मुलींच्या वाट्याला त्यातला किरकोळ हिस्सा येतो. थोडक्यात, मोठ्या-मोठ्यांतला तोल काहीसा सुधारला आणि मोठे व लहान यांच्यातली दरी रुंदावली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे नाही. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर एक निबंध लिहिला. खेळाडूला मालकाच्या दावणीला बांधून ठेवा अथवा मोकळा सोडा, तो अखेर तेथेच जातो जेथे त्याच्या खेळाचे मोल सर्वांत अधिक आहे. बंधनांमुळे फरक पडतो तो एवढाच, की ते मोल खेळाडूच्या खिशात न जाता मालकाच्या खिशात जाते. हा त्या निबंधाचा गाभा आहे. त्याला अनेक दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आहेत, तरी प्रश्न नेमका कोठे आहे हे तो दाखवितो. खेळाडूला वेतन द्यावे की नाही, हा वादच मुळी गैरलागू आहे. त्याच्या श्रमातून पैसा निर्माण होत असेल तर त्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. ऊसतोडणी कामगाराला आणि बाकावरच्या शिक्षकाला जो न्याय, तोच धावपटूला. तोल बिघडतो तो वेतनामुळे नव्हे. मैदान, प्रशिक्षक, वैद्यकीय साहाय्य आणि प्रसिद्धी ही खेळाची उत्पादनसाधने काहींच्याच मालकीची असतात, त्यामुळे बिघडतो.

आता हीच कसोटी वसई-विरारला लावून पाहावी. येथे विद्यापीठीय खेळाच्या आधीची पायरी, म्हणजे शालेय क्रिकेट, अधिक बोलके आहे. कारण मुंबईत मोलाने खेळाडू जमविण्याची रीत महाविद्यालयांपेक्षा शाळांतून पक्की झाली. तिचे मोल रोखीत नसते. फी माफ, गणवेश मोफत, बॅट-पॅड मोफत, नामवंत प्रशिक्षक आणि अभ्यासात थोडी सवलत. गव्हर्नर लॉर्ड हॅरिसच्या नावाची ढाल हे त्याचे रणांगण. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून शारदाश्रममध्ये आला; १९८८ मध्ये त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यानंतरच्या काळात रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेने हे तंत्र पूर्णत्वाला नेले. २००९ मध्ये सर्फराज खानच्या ४३९, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये विरारच्या पृथ्वी शॉच्या ५४६ धावा याच शाळेसाठी झाल्या. त्या डावात शाळेने ९९१ धावा केल्या. प्रतिस्पर्धी शाळा शंभराच्या आत गारद झाली होती.

पृथ्वीची कहाणी वृत्तपत्रांनी पुष्कळ रंगविली. आई लहानपणीच गेलेली, वडील पहाटे उठून विरारच्या गाडीत मुलाला घालून वांद्र्याला नेत, दिवसभर थांबत आणि परत आणत. २०१० मध्ये एका क्रीडाव्यवस्थापन कंपनीशी झालेल्या कराराच्या आधारे बापलेक मुंबईत राहायला गेले. ५४६ धावांनंतर बॅट बनविणाऱ्या कंपनीने ३६ लाख रुपयांचा करार केला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पालघरच्या शार्दूल ठाकूरचेही तसेच. तारापूरच्या शाळेकडून तो बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध खेळला, प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला, आणि त्यांनी त्याला आपल्या शाळेत घेऊन स्वतःच्या घरी ठेवून घेतले. याच लाड सरांनी त्यापूर्वी रोहित शर्माची फी माफ करवून घेतली होती. या माणसाच्या थोरवीबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. या मुलांनी जावयास नको होते, असेही कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही. पृथ्वी गेल्यावर विरारमध्ये काय उरले? शार्दूल गेल्यावर तारापूरच्या शाळेच्या संघाचे काय झाले? ज्याला पहाटेची गाडी पकडणारा बाप नाही, ज्याच्या आईला सकाळी सातला वसईच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात हजर व्हावे लागते, अशा मुलाची गुणवत्ता कोणी मोजली? विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. हे अंतर कोणत्याही शिष्यवृत्तीत धरलेले नसते. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मुलीला तर विरारच दूर आहे.

आणि हा एकतर्फी ओघ खेळालाच कसा मारतो ते जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला दिसले. प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. सारे जग थक्क झाले. धावफलकाची दुसरी बाजू फारशी कोणी वाचली नाही: त्याच्या शाळेच्या ३ बाद १४६५, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दोन डावांत ३१ व ५२. याला सामना म्हणावयाचे काय? वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच सांगून ठेवले आहे की इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी बुडाला तर मालकाचा लाभ होतो, पण खेळात प्रतिस्पर्धी बुडाला तर धंदाच बुडतो. विजेत्या मुष्टियोद्ध्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला तरच त्याच्या मुठीला किंमत. ३१ धावांत बाद होणाऱ्या मुलांचे क्रिकेट त्याच दिवशी संपते, आणि हजार करणाऱ्याची कसोटीही लागत नाही. प्रणवला मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजार रुपये शिष्यवृत्ती दिली होती. पुढे अपेक्षेप्रमाणे धावा होत नाहीत असे पाहून त्याच्या वडिलांनीच ती थांबवावी असे असोसिएशनला कळविले. एका रिक्षाचालकाची ही नीतिमत्ता दूरचित्रवाणीचे हक्क विकणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे.

मग तोल साधण्याचा मार्ग कोणताच नाही काय? आहे, आणि तो याच महाराष्ट्रात सापडतो. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने रणजी करंडक ओळीने पंधरा वर्षे जिंकला. त्या काळात विदर्भाचा संघ म्हणजे हक्काचे गिऱ्हाईक. त्याच विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये करंडक जिंकला. वसीम जाफरसारखा मुंबईचा अनुभवी फलंदाज आणि चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक त्यांनी मानधन देऊन आणला. परंतु पैसा देणारा सावकार कोणी उद्योगपती नव्हता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातून राज्य संघटनांना जो वाटा मिळतो, त्या सामायिक निधीचा हा पैसा होता, आणि त्यातूनच नागपुरात स्थानिक मुलांसाठी प्रशिक्षणाची सोय उभी राहिली. खेळाडूला वेतन दिले म्हणून तोल बिघडला नाही, उलट सुधारला. कारण वेतन सामायिक झोळीतून आले. नियामक मंडळाच्या कारभाराची स्तुती करण्याचे येथे प्रयोजन नाही. पण वाटपाचे तत्त्व जेथे थोडेसे पाळले गेले, तेथे फळ दिसले.

हेच मंडळ आयपीएलमध्ये काय करते तेही पाहावे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले; वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. २०२५ साठी दहा संघांना खेळाडू घेण्यासाठी प्रत्येकी १२० कोटींची मर्यादा होती, म्हणजे एकूण १,२०० कोटी. केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तरी हे सुमारे साडेबारा टक्के होतात. प्रायोजक आणि तिकिटे वेगळीच. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असतो, कारण तेथे त्यांची कामगार संघटना आहे आणि ती टाळेबंदीलाही तोंड देते. नव्या तडजोडीत तेथील महाविद्यालयीन खेळाडूंनाही मोठ्या विद्यापीठांच्या सरासरी क्रीडा-उत्पन्नाच्या २२ टक्के इतकी मर्यादा मिळाली आहे. आपल्याकडे लिलावात एखाद्यावर लागलेल्या वीसपंचवीस कोटींच्या बोलीने डोळे दिपतात, म्हणून वेतनमर्यादेला ‘स्पर्धेचा समतोल’ असे गोंडस नाव देऊन मालकांनी नफ्याचे कुंपण घातले आहे हे लक्षात येत नाही. समतोलाची एवढी काळजी असेल तर सर्व उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा शालेय आणि विद्यापीठीय खेळाला द्यावा. त्याबद्दल मालकांच्या तोंडून शब्द निघत नाही.

वसई-विरारमध्ये यासंबंधी काय करता येईल, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावयास हवा. कारण आजवर तो कोणी विचारलेला नाही. महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर नालासोपारा-विरारच्या पूर्वेला काय लोटले आहे ते लोकलच्या दारात लोंबकळणारे जाणतात. त्याच २०११ पासून महापौर मॅरेथॉन सुरू झाली. वर्षातून एक रविवार रस्ते बंद होतात, देशातले नामांकित धावपटू येऊन बक्षिसे घेऊन जातात. त्याला हरकत नाही. पण सोमवारी सकाळी नालासोपाऱ्याच्या मुलाने धावावयाचे कोठे? आराखड्यातल्या आरक्षणांचे येथे काय होते, याचा दाखला ताजा आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभी त्या पाडल्या गेल्या, आणि घरे विकत घेतलेली शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. बांधणारे पैसे घेऊन गेले होते. कचराभूमीचे आरक्षण जेथे सुटले नाही, तेथे खेळाच्या मैदानाचे कोण राखणार? १९८० च्या दशकाअखेर हरित वसईच्या आंदोलनात पाणी, शेती आणि वाडी यांसाठी येथील माणसे हजारोंनी रस्त्यावर आली होती. मैदान हीही जमीनच आहे, हे त्या लढ्याच्या वारसदारांना सांगावे लागू नये.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. विकास आराखड्यातल्या खेळाच्या मैदानांची सर्व्हे क्रमांकांसह यादी महापालिकेने प्रसिद्ध करावी, आणि प्रत्येकाच्या पुढे आज तेथे काय उभे आहे ते लिहावे. ज्या शाळेतून वा महाविद्यालयातून खेळाडू दुसरीकडे नेला जातो, त्या मूळ संस्थेला प्रशिक्षणाची भरपाई मिळावी. जागतिक फुटबॉलमध्ये असा नियम आहे, तो आपल्या शालेय आणि विद्यापीठीय संघटनांना अशक्य नाही. मुंबई विद्यापीठाची संलग्न महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडाशुल्क घेतात. त्याचा हिशेब अधिसभेत मागावा, आणि त्याचा एक भाग ज्यांच्याजवळ मैदान नाही अशा पालघर-रायगडकडच्या महाविद्यालयांना मिळावा. खेळाडूला मिळणाऱ्या प्रत्येक सवलतीचा लेखी करार असावा. दुखापत झाली वा धावा आटल्या म्हणून फी माफी रद्द होणार नाही, पदवी पूर्ण होईपर्यंत शिक्षणाची हमी राहील, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या नावावर केलेला करार त्रयस्थ अधिकाऱ्याने तपासल्याविना वैध मानला जाणार नाही, हे त्यात नमूद असावे. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूला वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चासाठी मिळतात. ते योग्यच आहे, पण निवड होईपर्यंतच्या प्रवासाचे भाडे भरणारा कोणी नाही. विरार ते मैदान आणि परत एवढा रेल्वेचा पास नोंदणीकृत शालेय खेळाडूला मोफत देण्यास फार मोठा निधी लागत नाही.

यावर प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते: पैसा कोठून आणणार? महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते. त्यात एका रविवारच्या सोहळ्यासाठी किती आणि उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांच्या खेळासाठी किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून प्रभागाप्रभागांत वाचून दाखविण्याचे काम कार्यकर्त्यांना आजपासून करता येईल. विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांकडे क्रीडाशुल्काचा प्रश्न लेखी देण्यासाठी पुढच्या बैठकीपूर्वी वेळ आहे. आणि मैदानांच्या सर्व्हे क्रमांकांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागतो, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.